दहावीचं बीजगणित आणि भूमिती: नेमकं काय यायला हवं आणि ते घरी कसं तपासायचं

जूनमध्ये माझ्याकडे एक मुलगी शिकायला आली. नववीत गणितात चांगले गुण, वह्या आखीवरेखीव, उन्हाळी क्लासमध्ये वर्गसमीकरणांचा धडा 'झालेला'. मी तिला कागदावर क्ष² − ५क्ष + ६ = ० एवढं लिहून दिलं आणि विचारलं, "२ हे याचं मूळ आहे का?" तिने अवयव पाडले, दोन्ही मुळं काढली आणि पाच ओळींनंतर म्हणाली, "हो सर, आहे." उत्तर बरोबर. पण क्ष च्या जागी २ ठेवून बघावं, ४ − १० + ६ म्हणजे शून्य, हे तिला सुचलंच नाही. सोडवायची रीत तिला पाठ होती. मूळ कशाला म्हणतात ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

'धडा झाला' ही शिक्षकाच्या टाचणवहीतली नोंद असते. मुलाला त्यातलं काय करता येतं ते त्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून मी प्रत्येक धड्याचं एक-दोन कामांत रूपांतर करतो: हे बघून सांगता येतं का, हे मांडता येतं का, हे का बरोबर ते पटवता येतं का. प्रत्येक कामाला दोन-तीन मिनिटांची चाचणी असते. पालकांना घरी आणि नव्या शिक्षकांना वर्गात वापरता येईल अशा बेताने ती यादी इथे देतो.

आपण बोलतोय ते महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीबद्दल, २०१८ साली आलेल्या पुस्तकांप्रमाणे. भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. पुस्तकांवर नाव 'गणित भाग १' आणि 'भाग २' असलं तरी घरात, वर्गात आणि रिक्षावाल्या काकांच्या तोंडीसुद्धा ती 'बीजगणित' आणि 'भूमिती'च आहेत. पुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं असतात. मी इथे जुन्या मराठी पुस्तकांसारखं क्ष आणि य लिहितोय.

पायरी १: आधी मागचं तपासा

दहावीचं पुस्तक उघडण्यापूर्वी एक अर्धा तास द्या. कोऱ्या कागदावर या पाच गोष्टी, कॅल्क्युलेटर नाही:

−७ − ५ किती?
२/३ + ३/४ किती?
५ − २(क्ष − ३) सोपं रूप द्या.
(अ + ब)² चा विस्तार लिहा.
√५० सरळ रूपात लिहा.

तिसऱ्या प्रश्नावर बरीच मुलं अडकतात. ५ − २क्ष − ६ लिहितात, कारण कंसाबाहेरचा २ आत नेला, पण त्याच्यामागचं वजा चिन्ह पहिल्या पदापाशीच थांबलं. बरोबर उत्तर ११ − २क्ष. हे चुकत असेल तर समीकरणांचे कितीही संच सोडवून घ्या, गुण त्याच ओळीला जात राहणार.

चौथ्यात अ² + ब² असं उत्तर आलं तर सूत्र पुन्हा पाठ करायला लावू नका. अ = ३, ब = ४ ठेवायला सांगा. ७ चा वर्ग ४९, आणि ९ + १६ म्हणजे २५. मधले २४ कुठे गेले? मग ७ बाय ७ चा चौरस काढून तो ३ आणि ४ वर कापायला सांगा. १२-१२ चे दोन आयत हाताला लागतात. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेलं मूल २अब सहसा विसरत नाही.

इथे तीनपेक्षा कमी बरोबर आले तर पहिले दोन-तीन आठवडे सातवी-आठवीच्या पुस्तकांना द्या. पालकांना हे पटवणं जड जातं. "दहावीचं वर्ष आहे सर, मागे कुठे जाता?" असं विचारतात. पण दहावीत बीजगणितावर अडलेलं मूल मुळात अपूर्णांकावर किंवा चिन्हावर अडलेलं असतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वाद घालत नाही, फक्त हा कागद पुढे करतो.

पायरी २: वाक्याचं समीकरण करता येतं का?

बीजगणितातलं माझ्या मते सगळ्यात मोठं उद्दिष्ट हे, आणि याला स्वतंत्र धडा नाही. सोडवणं ही रीत आहे, ती सरावाने येते. मांडणीला भाषा लागते.

चाचणी घ्या. "एसटीत बसलेले प्रवासी उभ्या प्रवाशांच्या तिप्पट आहेत. बसलेले क्ष, उभे य. समीकरण लिहा." निम्मी मुलं ३क्ष = य लिहितील. 'बसलेले तिप्पट' म्हणून ३ हा बसलेल्यांना चिकटवला. लाल पेनाने खोडू नका. म्हणा, "उभे १० असतील तर बसलेले किती?" तीस. "मग ठेव बघू तुझ्या समीकरणात." नव्वद बरोबर दहा येतं आणि मूल स्वतःच क्ष = ३य करतं. मांडलेल्या समीकरणात साधे आकडे घालून बघायची ही सवय लागली की शाब्दिक उदाहरणांची धास्ती बरीच कमी होते.

मग दोन चलांकडे या. तीन वडापाव आणि दोन चहा ८० रुपये, दोन वडापाव आणि तीन चहा ७० रुपये. ३क्ष + २य = ८० आणि २क्ष + ३य = ७०. इथे मुलाला तीन गोष्टी यायला हव्यात.

एक, सहगुणक (क्ष आणि य च्या आधीचे आकडे) बघून युक्ती सुचणं. दोन्ही समीकरणांची बेरीज ५क्ष + ५य = १५०, म्हणजे क्ष + य = ३०. वजाबाकी क्ष − य = १०. वडापाव २०, चहा १०, तोंडी. ज्याला हे दिसत नाही तो गुणत बसतो. उत्तर त्यालाही येतं, पण वेळ जातो.

दोन, क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक, म्हणजे तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, न गोंधळता मांडणं. इथे ३×३ − २×२ = ५, क्ष चा निश्चयक ८०×३ − २×७० = १००, य चा ३×७० − ८०×२ = ५०. भागिले की पुन्हा २० आणि १०. कोणता स्तंभ बदलायचा, एवढंच ध्यानात ठेवायचं आहे.

तीन, आलेख. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा काढाच. तो रेषेवर बसला नाही तर आधीच्या दोघांपैकी एक चुकलाय. आणि नंतर विचारा, "क्ष + य = ५ आणि २क्ष + २य = ७ यांच्या रेषा कुठे छेदतील?" पहिल्याची दुप्पट केली की १० येतात, दुसरं म्हणतं ७. रेषा समांतर, उकल नाही. एवढं बोलता आलं तर धडा कळला.

पायरी ३: वर्गसमीकरण, जरा सावकाश

हा धडा घाईने उरकू नका, अकरावी-बारावी विज्ञानाला आणि डिप्लोमाला हाच हात रोज वापरावा लागतो.

पहिलं काम: मधल्या पदाची फोड. ६क्ष² − क्ष − २ = ० घ्या. ६ आणि −२ चा गुणाकार −१२, बेरीज −१ हवी: −४ आणि ३. मग २क्ष(३क्ष − २) + १(३क्ष − २) = ०, म्हणजे क्ष = २/३ किंवा −१/२. मुलं जिथे थांबतात ती जागा म्हणजे तो '१'. दुसऱ्या गटातून काहीच सामाईक निघत नाही असं वाटून ती पुढे जात नाहीत.

दुसरं काम: तेच समीकरण सूत्राने सोडवून उत्तर ताडून पाहणं. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, १ + ४८ = ४९, मुळं (१ ± ७)/१२. तीच. विवेचक ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत, शून्य आला तर दोन्ही समान. हे न सोडवता सांगता आलं पाहिजे.

तिसरं: क्ष² = ५क्ष दिल्यावर मूल दोन्ही बाजूंना क्ष ने भागतं का ते बघा. भागलं तर ५ मिळतो आणि ० हे मूळ हरवतं. ही चूक हुशार मुलं जास्त करतात, कारण त्यांना घाई असते.

चौथं, शाब्दिक: आयताकृती वावराची लांबी रुंदीपेक्षा १० मीटर जास्त, क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. क्ष² + १०क्ष − ६०० = ०, म्हणजे २० किंवा −३०. उत्तर २० सगळे लिहितात. 'रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून −३० ग्राह्य नाही' ही ओळ मात्र गाळतात. ती ओळ लिहिणं हेही उद्दिष्टच समजा.

पायरी ४: भाग १ मधलं उरलेलं

श्रेढीत, म्हणजे सारख्या फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांच्या रांगेत, एकच गोष्ट ठसवा: न व्या पदाच्या सूत्रात 'न वजा एक' का? १०० मीटर सरळ कुंपणाला दर ५ मीटरवर खांब, दोन्ही टोकांना धरून. किती खांब? वीस म्हणाला तर सूत्र पाठ आहे, समजलेलं नाही. अंतरं वीस, खांब एकवीस. मग ७, १३, १९, … या श्रेढीत २०० येईल का विचारा. पदाचं रूप ६न + १; ६न = १९९ पूर्ण सुटत नाही, म्हणून नाही.

अर्थनियोजनाला मुलं 'सोपा धडा' म्हणतात आणि तिथेच गुण घालवतात. १८ टक्के जीएसटीसह वस्तू ११८० रुपयांना पडली, तर करपात्र किंमत किती? ११८० चे १८ टक्के वजा करणारा ९६७.६० लिहितो. उत्तर १०००, कारण १८ टक्के हे मूळ किमतीवरचे. शेअर्सचंही तसंच: दर्शनी किंमत १० रुपये, बाजारभाव १५०, लाभांश २० टक्के, तर एका शेअरमागे २ रुपये मिळतात, ३० नव्हे. घरातली खरी बिलं काढून बसा, पण मुलाला आधी सांगून ठेवा की पुस्तकातले दर छपाईच्या वेळचे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले आणि ५ व १८ हे मुख्य दर राहिले. परीक्षेत प्रश्नात दिलेला दर धरायचा.

संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, पूर्ण लिहिता येणं एवढं पुरे; दोन फाशांचे ३६ घटक ओळी-स्तंभांत मांडायला लावा. सांख्यिकीत मध्य, मध्यक, बहुलकाची सूत्रं येतातच. आकडेमोड चुकते ती वारंवारतांच्या बेरजेत, तेव्हा कोष्टकाची बेरीज दोनदा.

पायरी ५: भूमितीत आधी कारण लिहायला शिकवा

भूमितीत मुलाला विचारा, "हे दोन कोन समान का?" "सर, दिसतायत की." इथून सुरुवात. पक्ष (काय दिलंय), साध्य (काय सिद्ध करायचंय), सिद्धता (ते कसं) या तीन शब्दांचा अर्थ त्याला स्वतःच्या भाषेत सांगता येत नसेल तर प्रमेय पाठ करण्यात अर्थ नाही.

मी कात्री वापरतो. स्पर्शिकाखंडाचं प्रमेय घ्या: वर्तुळाचं केंद्र म, बाहेरचा बिंदू प, तिथून काढलेल्या स्पर्शिका अ आणि ब ला स्पर्श करतात. सिद्ध करायचं पअ = पब. सिद्धतेची प्रत्येक ओळ वेगळ्या पट्टीवर, प्रत्येक कारण वेगळ्या पट्टीवर लिहायचं:

कोन मअप आणि कोन मबप काटकोन — स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय.
मअ = मब — एकाच वर्तुळाच्या त्रिज्या.
मप = मप — सामाईक कर्ण.
दोन्ही त्रिकोण एकरूप — कर्णभुजा कसोटी.
पअ = पब — एकरूप त्रिकोणांच्या संगत भुजा.

पट्ट्या पिसून टेबलावर टाका. मुलाने ओळ आणि कारण जुळवून क्रम लावायचा. गंमत अशी की पहिल्या तीन पट्ट्या आपापसांत बदलल्या तरी चालतं, चौथी मात्र त्यांच्या आधी येऊच शकत नाही. ते का, हे मुलाने सांगितलं की सिद्धता म्हणजे काय ते त्याला कळलं. आणि कर्णभुजा कसोटी ही मागच्या इयत्तांतली, हेही त्याच्या लक्षात येतं. दहावीची भूमिती नववीच्या समांतर रेषा आणि त्रिकोणांवरच उभी आहे.

पायरी ६: समरूपता आणि पायथागोरस

समरूपतेत पहिली चाचणी नावांच्या क्रमाची. त्रिकोण अबक आणि त्रिकोण टठड समरूप असं लिहिलं की अ ची संगती ट शी, ब ची ठ शी. आकृती न बघता तिन्ही गुणोत्तरं लिहिता आली पाहिजेत. दुसरी चाचणी कसोटी निवडण्याची: कोको (कोन-कोन), बाकोबा (बाजू-कोन-बाजू) की बाबाबा (तिन्ही बाजू). तिसरी, क्षेत्रफळांची. सहा इंच व्यासाच्या दोन भाकरी मोठ्या की नऊ इंच व्यासाची एक, जाडी सारखीच? व्यासांचं गुणोत्तर २:३, क्षेत्रफळांचं ४:९. दोन लहान मिळून ८, मोठी एकटी ९. हे मी वर्गात विचारलं की पुढची पाच मिनिटं शिकवणं थांबतं, प्रत्येकाला हॉटेलातली थाळी आठवते.

पायथागोरसचं प्रमेय सगळ्यांना येतं, त्याचा व्यत्यास, म्हणजे उलट बाजूने केलेलं विधान, मात्र धूसर असतो. पायाची आखणी करताना गवंडी एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजतो आणि तिरकं अंतर ५ भरलं की कोपरा गुण्यात आला म्हणतो. तो प्रमेय वापरतोय की व्यत्यास? बाजूंवरून काटकोन ठरवतोय, म्हणजे व्यत्यास. हा फरक सांगता येणं हे उद्दिष्ट.

पायरी ७: वर्तुळ, रचना, निर्देशक

वर्तुळात प्रमेयं बरीच आणि आकृत्या एकमेकींसारख्या. नावांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर नुसत्या आकृत्या काढा, मागे काही नाही. बघून प्रमेय ओळखायचं: आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका, जीवांचं छेदन. 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी, हे सांगितलं की कंसावर ताणलेला तो रेषाखंड मुलाला दिसायला लागतो. त्रिकोणमितीतला 'साइन'ही याच शब्दापासून अरबी आणि मग लॅटिनमार्गे फिरून आपल्याकडे परत आलाय.

एक प्रयोग नक्की करा. ताटली कागदावर ठेवून वर्तुळ आखा. वहीच्या पानाचा काटकोनी कोपरा वर्तुळावर टेकवा. पानाच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते बिंदू जोडा. तो व्यास. कोपरा दुसरीकडे टेकवून पुन्हा करा. दोन व्यास छेदले की केंद्र. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे मग लिहून द्यावं लागत नाही.

निर्देशक भूमितीत अंतराचं सूत्र पायथागोरसवरून स्वतः काढता आलं पाहिजे. (१, २) आणि (४, ६): आडवं ३, उभं ४, अंतर ५. चढ, मध्यबिंदू, विभाजन हे सरावाने जमतं.

पायरी ८: त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन

३०, ४५, ६० अंशांचं कोष्टक पाठ असेल तर उत्तम, पण विसरलं तर ते उभं करता यायला हवं. भुजा १, १ आणि कर्ण √२ असा एक त्रिकोण. २ बाजूचा समभुज त्रिकोण मधोमध कापून १, √३, २ असा दुसरा. सगळं कोष्टक या दोन आकृत्यांत आहे.

उन्नत कोन, म्हणजे वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन, अंगणात शिकवा. चौरस कागद कर्णावर दुमडला की ४५ अंश मिळतात. एक कड जमिनीला समांतर धरून दुमडीच्या रेषेत ध्वजस्तंभाचं टोक येईपर्यंत मागे सरकायचं. स्तंभापासूनचं अंतर साडेसात मीटर, डोळ्याची उंची १.४ मीटर, तर स्तंभ ८.९ मीटर. डोळ्याची उंची मिळवायला मुलं विसरतात, आणि उदाहरणातही नेमकी तिथेच चुकतात. अवनत कोनाची चूक वेगळी: तो आडव्या रेषेपासून खाली मोजायचा, मुलं उभ्या भिंतीपासून मोजतात. दहा उदाहरणांच्या फक्त आकृत्या काढून घ्या, सोडवू नका.

महत्त्वमापनात, म्हणजे क्षेत्रफळ-घनफळाच्या गणितांत, व्यास आणि त्रिज्या यांची गल्लत सगळ्यात महाग. १.४ मीटर व्यासाची, १ मीटर उंचीची टाकी: २२/७ × ०.७ × ०.७ × १ = १.५४ घनमीटर, म्हणजे १५४० लिटर. व्यासच त्रिज्या धरला तर ६१६०. उत्तर आल्यावर "एवढं पाणी या टाकीत मावेल का?" हे मुलाने स्वतःला विचारायचं.

पायरी ९: वर्षाची आखणी

भिंतीवर कामांची यादी लावा. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण: आपलं आपण आलं, आधार दिल्यावर आलं, नाही आलं. 'आलं' ही खूण पेन्सिलीने करा आणि तीन आठवड्यांनी तीच चाचणी, आकडे बदलून, पुन्हा घ्या. तेव्हाही आलं तर पेनाने.

प्रश्नपत्रिका प्रत्येक भागाची ४० गुणांची, दोन तासांची. अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून एकूण १००. पहिल्या प्रश्नाला ८, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला ९, चौथ्याला ८ आणि पाचव्याला ३ गुण. 'कृती पूर्ण करा' प्रकाराचे यात ७ गुण असतात. त्या रिकाम्या चौकटी भरायला पट्ट्यांचा खेळ फार उपयोगी पडतो, कारण मधली ओळ आधी-नंतरच्या ओळींवरून ओळखायची असते. चौथ्या-पाचव्या प्रश्नासाठी दिवाळीनंतर आठवड्याला एकच अनोळखी उदाहरण द्या, पण त्यावर पाऊण तास बसू द्या. उत्तर सांगायची खुमखुमी आवरणं हे पालकाचं उद्दिष्ट.

जानेवारी उजाडला आणि यादीत बऱ्याच फुल्या उरल्या असतील, तर सगळं धरू नका. भाग १ मधून रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं आणि अर्थनियोजन आधी पक्कं करा. भाग २ मधून समरूपता आणि निर्देशक भूमिती. भौमितिक रचना मात्र काहीही झालं तरी सोडू नका, तिथे साधन नीट असलं तर गुण हातचे आहेत. पेन्सिलीला टोक, कर्कटकाचा स्क्रू आवळलेला आणि काढलेले कंस न खोडता तसेच ठेवलेले. परीक्षेच्या आदल्या रात्री तो स्क्रू एकदा स्वतः तपासा.